पीक आपले, जमीन परक्याची

माझा नातू व्हिडिओ गेममधल्या शिपायांना बोलते करून छोटे चित्रपट बनवतो. गोष्ट त्याची, आवाज त्याचा आणि मित्रांचा. चेहरे, चिलखते आणि रणांगण मात्र खेळ बनवणाऱ्या कंपनीचे. "आजोबा, हा सिनेमा माझाच ना?" असे त्याने विचारले, तेव्हा उभा जन्म दिवाणी दावे चालवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या शोधात या कलेचा जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो.

आरंभ १९९६ चा, अमेरिकेतला. इड सॉफ्टवेअर कंपनीच्या 'क्वेक' या खेळात खेळलेला डाव नोंदवून ठेवण्याची सोय होती. रेंजर्स नावाच्या खेळाडूंच्या कंपूने त्याच सोयीतून 'डायरी ऑफ अ कॅम्पर' ही जेमतेम दीड मिनिटाची कथा रचली. संवाद पडद्यावर अक्षरांत उमटत. पुढे मशीन आणि सिनेमा यांच्या मिलाफातून या प्रकाराला 'मशिनिमा' हे नाव पडले.

कायद्याने या जगाकडे पाहिले ते १९९८ मध्ये. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळाचे नवे टप्पे रचण्याची खेळाडूंना मुभा होती. अट एवढीच, की ते फुकट वाटावेत. मायक्रो स्टार या कंपनीने असे ३०० टप्पे सीडीवर घालून विकायला काढले. अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ही ड्यूकच्या कथेचीच पुढची प्रकरणे आहेत आणि ती लिहिण्याचा अधिकार मूळ मालकाचा. चाहत्यांच्या चित्रपटांनाही हा तर्क लागू पडू शकतो, हे सांगायला वकील नको.

तरी मालकांनी नेहमीच सोटा उगारला असे नाही. २००३ मध्ये टेक्सासमधील काही तरुणांनी 'हेलो' या खेळातील सैनिकांना घेऊन 'रेड व्हर्सेस ब्लू' ही विनोदी मालिका सुरू केली. खेळाचा मालक मायक्रोसॉफ्ट. त्याने दावा लावला नाही, उलट चालू द्या म्हटले. पुढच्या 'हेलो २' मध्ये तर पात्रांना बंदूक खाली धरून उभे करण्याची युक्ती आली. संवादाच्या दृश्यांना ती फार सोयीची. ही मालिका २०२४ पर्यंत चालली. २००५ मध्ये पॅरिसच्या उपनगरांत दंगली उसळल्या, तेव्हा आलेक्स शान या तरुणाने 'द मूव्हीज' या खेळाच्या साहाय्याने 'द फ्रेंच डेमॉक्रसी' हा लघुपट करून तिथल्या पोरांची बाजू जगापुढे ठेवली. चित्रपटाचे शिक्षण नाही, भांडवल नाही. खेळ होता म्हणून त्याला वाचा फुटली.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ब्लिझर्ड या कंपन्यांनी मुभेला लेखी रूप दिले. चित्रपट करा, पण धंदा करू नका, हा दोघांचाही गाभा. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत आणखी एक कलम होते: ही परवानगी केव्हाही, कोणत्याही कारणाने मागे घेता येईल. २०१३ मध्ये निन्टेन्डोने आपले खेळ दाखवणाऱ्या यूट्यूबवरील चित्रफितींच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवले. २०१५ मध्ये वाटा देणारी योजना काढली. २०१८ मध्ये ती गुंडाळून, स्वतःची भर घातलेल्या चित्रफितींना कमाईची मोकळीक दिली. पाच वर्षांत तीन रीती, आणि तिन्ही मालकाच्या मर्जीने!

अमेरिकी कायद्यात 'न्याय्य वापरा'चा बचाव आहे, पण तो सिद्ध करायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. फावल्या वेळात गोष्टी रचणाऱ्या पोरांना तो खर्च कुठून झेपणार? आपल्या १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ खासगी वापर, समीक्षा, वृत्त अशा कामांना सूट देते. नवी गोष्ट रचून चारचौघांत दाखवणे त्यात सहजी बसत नाही.

बेळगाव मुंबई राज्यात होते, तेव्हा १९४८ चा कूळकायदा आमच्याकडेही लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या मर्जीवर नांगर धरणाऱ्याला कसण्याचा हक्क म्हणजे काय, ते तेव्हा कळले. मालक भला असणे वेगळे आणि आपल्या नावाचा सातबारा असणे वेगळे. या नव्या रानात कुळे पुष्कळ आहेत, कूळकायदा अजून नाही.

नातवाला एवढेच सांगितले, "बाळा, गोष्ट तुझी आणि आवाजही तुझा. ते दोन्ही जपून ठेव. मैदान मात्र मागून आणलेले आहे, हे विसरू नकोस."