पेशीविभाजन: डीएनए दुप्पट होतो, मग गुणसूत्रं का नाही?

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमारा परिसराचं मुख्य पीक धान. धानाच्या पानातल्या किंवा मुळातल्या पेशीत 24 गुणसूत्रं असतात. विभाजनाआधी, 'एस' टप्प्यात, पेशीतला डीएनए दुप्पट होतो. तेव्हा गुणसूत्रं किती?

घाईत 48 लिहिलं की 'नीट'मध्ये 5 गुणांचा फरक पडतो: बरोबर उत्तराचे 4 हुकतात आणि 1 वजा होतो. उत्तर 24 असंच आहे.

गुणसूत्रं मोजायची ती सेंट्रोमिअरवरून. 'एस' टप्प्यात प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, पण दोन्ही प्रती सेंट्रोमिअरपाशी जोडलेल्याच असतात. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत त्या सुटतात. तेव्हा मात्र पेशीत थोडा वेळ 48 गुणसूत्रं असतात आणि शेवटी दोन पेशींना 24-24 मिळतात.

अर्धगुणसूत्री विभाजनात खरी गडबड होते. पहिल्या विभाजनात सेंट्रोमिअर फुटत नाही, फक्त जोडीतली गुणसूत्रं वेगळी होतात. म्हणजे 24 चे 12 तिथेच होतात. दुसऱ्या विभाजनात प्रती सुटतात, पण प्रत्येक पेशीत गुणसूत्रं 12 च राहतात. डीएनए मात्र दोन्ही वेळा निम्मा होतो. सुरुवातीला 2सी धरला, तर 'एस' टप्प्यानंतर 4सी, मग 2सी, शेवटी सी. कागदावर गुणसूत्रं आणि डीएनए असे दोन रकाने पाडले, तर गोंधळ बराच कमी होतो. नुसती पाठांतराची सूत्रं इथे फारशी कामाला येत नाहीत.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण असते. दहावीत 'पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था' शिकलेल्यांना अकरावीत त्याच गोष्टी प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज म्हणून भेटतात. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत निवडता येते आणि तिच्यात इंग्रजी प्रश्नही सोबत असतात. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. त्यामुळे दोन्ही नावं माहीत हवीत.

आता पुढचा प्रश्न. धानाच्या परागकणातल्या पुंयुग्मकात 12 गुणसूत्रं असतात. दुहेरी फलनात एक पुंयुग्मक अंडपेशीशी जुळतं आणि 24 गुणसूत्रांचा भ्रूण तयार होतो. दुसरं पुंयुग्मक 12-12 गुणसूत्रांच्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी जुळतं, त्यातून भ्रूणपोष बनतो. ताटातला पांढरा भात म्हणजे मुख्यतः हाच भ्रूणपोष. त्याच्या पेशीत गुणसूत्रं 36.