धूर, आग आणि रक्ताची गुठळी
मंडळी, १९२२मध्ये इन्सुलिन रुग्णांपर्यंत पोचलं. मधुमेहाचं तातडीचं मरण टळू लागलं, हृदयविकार मात्र हटेना. का? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून हजारो लोकांची तपासणी चालू होती. तिथल्या संशोधकांनी १९८७मध्ये गुठळी बांधणाऱ्या फायब्रिनोजेनचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. मधुमेहींत ते बरेचदा जास्त असतं. पण ते दाहानंही वाढतं. मग ही आग की नुसता धूर? आपले नैयायिक हेच विचारतील.

बरं, गुठळी रोखायला सगळ्यांनाच ॲस्पिरिन द्यावी का? ब्रिटनमधल्या ‘असेंड’ चाचणीत हृदयविकार नसलेले १५,४८० मधुमेही होते. २०१८चा निष्कर्ष असा : ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय-मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर आघात १२ टक्क्यांनी कमी, मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी जास्त. तेव्हा ही गोळी सुरू करणं किंवा सोडणं, दोन्ही आपण डॉक्टरांना विचारूनच करायचं.