चांदिपुरा : छत्तीस तास

चांदिपुरा हे नागपूरजवळचं गाव. १९६५ साली तिथल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना चांदिपुरा विषाणू सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. कारण हाच विषाणू, हे पुन्हा पुण्यातच कळलं. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तीच गत. पुढच्या हकिकतीतली पोर कुणी एक नाही. शेतमजुरांच्या वस्तीत हा आजार असाच चालतो.

काही दिवस आधी, रात्र. मातीच्या भिंतीच्या भेगेतून हा विषाणू वाहणारी वाळूमाशी निघते. डासाच्या पाव आकाराची, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतूनही शिरणारी. शेजारी गोठा, ओलं शेण. पोर जमिनीवर झोपलेली.

सकाळी ६. अंग तापलेलं. निंदणीचे दिवस, घरी थांबलं की रोज बुडतो. माय तापाची अर्धी गोळी देते, पोरीला आजीजवळ ठेवते.

दुपारी १. उलटी. आजी म्हणते, पावसात भिजली असेल. मला हीच वेळ सगळ्यात घातकी वाटते. पावसाळ्यात वस्तीत ताप घरोघरी असतो, म्हणून कुणी तो लिहून ठेवत नाही. आशाताईंची फेरी उद्या.

संध्याकाळी ७. माय परतते तेव्हा पोरीचे डोळे वर, दातखीळ, हातपाय ताठ. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात.

रात्री ११. जिल्हा रुग्णालय. प्राणवायू, झटक्यांचं इंजेक्शन, मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल. या विषाणूवर लस नाही, नेमकं औषधही नाही. रक्त आणि मणक्यातलं पाणी काढून बर्फाच्या डब्यात पुण्याला रवाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी. शुद्ध नाही.

संध्याकाळी ६. श्वास थांबतो.

तिसरा दिवस, पुणे. राष्ट्रीय विषाणू संस्थेत आरटी-पीसीआर चाचणी : चांदिपुरा. त्या मायला या कागदाचा काही उपयोग नाही, हे लिहिताना हात जड होतो. पण शेजारच्या घरांना आहे. फोन लगेच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जातो : गोठ्यात फवारणी करा, भेगा लिंपून घ्या, आणि उद्या मजूर कामावर निघायच्या आत वस्तीतल्या पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचा ताप मोजा.