बाप कानाचा डॉक्टर, मुलगा कानानेच गेला

"पोराचा कान वाहतोय? दोन थेंब कोमट तेल घाल, मोठेपणी थांबेल." हे वाक्य आपल्याकडे न ऐकलेला माणूस सापडणार नाही. म्हणून ही गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात डब्लिनमध्ये सर विल्यम वाइल्ड हे कानाचे नामांकित डॉक्टर होते. १८४४ साली त्यांनी डोळे-कानांसाठी सेंट मार्क्स हॉस्पिटल काढलं. १८५३ च्या आपल्या पुस्तकात वाहत्या कानाला किरकोळ समजू नका, असं त्यांनी बजावलं.

त्यांचाच मुलगा म्हणजे प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड. १८९५ साली समलिंगी संबंधांवरून त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. १८९६ मध्ये रेडिंगच्या तुरुंगातून त्याने गृहमंत्र्यांना अर्ज केला, त्यात पडदा फाटलाय आणि उजव्या कानाने जवळपास ऐकूच येत नाही, अशी तक्रार होती. सुटल्यावरही दुखणं सुटलं नाही. ऑक्टोबर १९०० मध्ये पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच कानाचं ऑपरेशन झालं आणि ३० नोव्हेंबरला मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तो गेला. वय फक्त ४६.

कानात नेमकं होतं काय? पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात. त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची. पडद्याची थरथर हीच हाडं आत पोचवतात. वर्षानुवर्षं पू राहिला की हाडं झिजतात. बहुतेक वेळा आधी जातो ऐरणीचा बारीक लांब दांडा, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. साखळी तुटली की ऐकू येणं घटतं. काही जणांत पडद्याची कातडी आत वाढून तिची गाठ हाड पोखरत मेंदूपर्यंत जाते.

१८७३ मध्ये जर्मनीत श्वार्ट्झे यांनी कानामागचं हाड उघडून पू काढायची पद्धत रुजवली. पुढे मोठी ऑपरेशनं आली. जीव वाचायचा, पण सडकी हाडं काढून टाकल्यामुळे कान जायचा. १९५० च्या दशकात वुलस्टाइन आणि झोलनर या जर्मन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा जोडून दाखवली. म्हणजे उपाय येऊन कित्येक दशकं झाली.

आणि आपण? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात कान वाहण्याचं प्रमाण सर्वात जास्त असलेल्या देशांच्या गटात भारत होता. २००७ मध्ये बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. पण आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कानाचा डॉक्टर महिन्यातून किती दिवस बसतो? शाळेच्या आरोग्य तपासणीत पोरांच्या कानात कुणी खरंच डोकावतं का? पुढच्या ग्रामसभेत हे विचाराच.

तोवर एवढं करा. वाहत्या कानात तेल घालू नका, पाणी जाऊ देऊ नका. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण हाडं झिजताना बऱ्याचदा दुखतच नाही. पोराला डॉक्टरकडे न्या. वर्गात शेवटच्या बाकावरचा जो "लक्ष देत नाही" म्हणून रोज मार खातो, त्याचा कान आधी बघा.