अंगणवाडी सेवा, नाशिक जिल्हा : निकष, तपासणी व निधी

सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठी एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली चालणारी व्यवस्था. ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडकांचा. बोर्डी-कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडी आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने ३३ प्रकल्पांत योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

नाशिकचे पंधरा तालुके एकसारखे नाहीत. पूर्वेला निफाडचा बागाईत द्राक्षपट्टा. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचे डोंगर आणि कोकणा, वारली, महादेव कोळ्यांचे विखुरलेले पाडे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक अनुसूचित जमातींचे होते. एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले असतील, तर मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश पाड्यांसाठी म्हणूनच मोलाचा ठरला.

निकष कागदावर पक्के आहेत. वर्षातून ३०० दिवस, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील असा ताजा आहार; त्याहून लहानांना घरपोच आहार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टीएचआर. तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’ मुलाला ८०० कॅलरी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा हक्क झाला. आदिवासी प्रकल्पांत २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते. पुढे मुलांना अंडी किंवा केळीही मिळू लागली.

खरी कसोटी तपासणीची. मुख्यसेविकेकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. घाटातल्या पाड्यावर पोहोचेपर्यंत अर्धा दिवस गेला, की भेट हजेरी आणि साठा यांच्या रजिस्टरांतच संपते. २०२१ मध्ये नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत करून आंदोलन केले. भरलेली नोंद आणि तपासलेले मूल या दोन गोष्टी निराळ्या. तपासणी दंडाच्या पट्टीपासून सुरू व्हायला हवी: मुलाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर पट्टी गुंडाळायची, ती ना आवळायची ना सैल ठेवायची. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, तांबड्या रंगात आले, तर मूल सॅम. पट्टी जरा सैल धरली तरी तेच मूल पिवळ्यात जाते आणि त्याचा वाढीव आहारही जातो.

निधीत पूरक पोषणाचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा करतात, इतर बाबींचा ६०:४०. २०१७ मध्ये दर मुलामागे रोज आठ रुपये ठरले, सॅम मुलासाठी बारा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याची घोषणा झाली; आठ वर्षे बाजार मात्र थांबला नव्हता. पुरवठ्याचे दुखणे जुनेच. महिला मंडळांच्या आडून बडे पुरवठादार येऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्याची टीएचआरची निविदा रद्द केली. सेविका कर्मचारी नव्हेत, ‘मानसेवी’ आहेत, हे पालुपद अजून चालू आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर लांबलेला संप झाला. पुढच्या वर्षी सेविकांचे मानधन १०,००० वरून १३,००० रुपयांवर गेले.

पाळणाघरांची बाजू सर्वांत दुबळी. तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे होते, ते २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींना तो लागू होता. द्राक्षबाग कारखाना नसल्याने तिला नव्हता. छाटणी आणि काढणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे येतात. मुलाचे नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत असते आणि मूल बागेच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या राखणीला.