एका मुख्य प्रधानास मिळालेला दुहेरी कौल

लोकनियंत्रित राज्यपद्धतींत पुढाऱ्यावरील विश्वास आणि त्याच्या धोरणास दिलेली संमति ह्या दोन गोष्टी एकच कीं भिन्न, हा प्रश्न जुनाच आहे. निवडून आलेला पुढारी बहुधा असें समजतो कीं, लोकांनीं आपणांस सत्ता दिली म्हणजे आपल्या मनांत जें जें येईल त्या सर्वांस त्यांनीं आगाऊच होकार दिला. विरोधकांची समजूत ह्याच्या उलट असते. एका प्रश्नावर सरकारचा पराभव झाला कीं त्या पुढाऱ्याचे दिवस भरले, असें त्यांस वाटतें. ह्या दोन्ही समजुती किती उथळ आहेत हें ऑस्ट्रेलियांतील मतदारांनीं १९१६ व १९१७ ह्या दोन सालीं जगास दाखवून दिलें. अवघ्या चौदा महिन्यांच्या आंत त्यांनीं आपल्या मुख्य प्रधानास दोनदां 'नाहीं' म्हटलें, आणि त्या दोन नकारांच्या दरम्यान त्यासच प्रचंड बहुमतानें पुन्हां निवडून दिलें.

हे मुख्य प्रधान म्हणजे विल्यम मॉरिस ह्यूज. लंडन शहरीं १८६२ सालीं एका वेल्श सुताराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. १८८४ त ते क्वीन्सलंडमध्यें उतरले, हातीं लागेल तें काम करीत भटकले आणि पुढें सिडनी येथें एक लहानसें दुकान चालवूं लागले. तेथेंच मजुरांच्या चळवळीशीं त्यांचा संबंध आला. बंदरावरील हमालांची संघटना त्यांनीं उभी केली, १८९४ त न्यू साउथ वेल्सच्या कायदेमंडळांत ते शिरले आणि १९०१ त नव्या संघराज्याच्या पार्लमेंटांत गेले. अंगानें किडकिडीत, कानानें अधू, पोटाच्या दुखण्यानें नेहमीं त्रस्त. परंतु जीभ मात्र अशी धारदार कीं, स्वपक्षीयांनींही तिची धास्ती घ्यावी. ऑक्टोबर १९१५ मध्यें अँड्र्यू फिशर हे हायकमिशनर म्हणून लंडनला जाण्यास निघाले, तेव्हां मजूर पक्षानें ह्यूज ह्यांस त्यांच्या जागीं बसविलें.

स्वदेशाच्या रक्षणासाठीं प्रत्येक तरुणास लष्करी शिक्षण सक्तीनें द्यावें, असें ह्यूज प्रथमपासून म्हणत आले होते, आणि तसा कायदाही महायुद्धापूर्वीं झाला होता. परंतु त्या कायद्यास एक मर्यादा होती. देशाच्या सीमेबाहेर कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध लढावयास पाठवितां येत नसे. जुलै १९१५ मध्यें खुद्द ह्यूज ह्यांनींच पार्लमेंटांत सांगितलें होतें कीं, असें करण्यास आपण कधींही तयार होणार नाहीं. पुढील सर्व वाद ध्यानीं येण्यास हें वचन विसरून चालणार नाहीं.

१९१६ च्या पूर्वार्धांत ह्यूज इंग्लंडास गेले. तेथें त्यांच्या भाषणांचा मोठा गौरव झाला. ब्रिटनमध्यें त्याच वर्षीं सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती, न्यूझीलंडनेंही तोच मार्ग धरला होता. इकडे फ्रान्सच्या रणांगणावर ऑस्ट्रेलियन पलटणींची भयंकर कत्तल चालली होती. जुलैच्या १९ तारखेस फ्रोमेल येथें एका रात्रींत ५,५०० वर सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर पोझियेरच्या टेकाडावर सात आठवड्यांच्या आंत सुमारें २३,००० मृत किंवा जखमी झाले. उलट मायदेशीं स्वखुषीनें भरती होणारांची संख्या, जी जुलै १९१५ मध्यें ३६,००० वर होती, ती वर्षानंतर महिना सहा हजारांच्या आसपास येऊन ठेपली होती. लष्करी अधिकाऱ्यांची मागणी अशी कीं, एका महिन्यांत ३२,५०० माणसें द्यावीं आणि त्यापुढें दरमहा १६,५००. ह्यूज ह्यांच्यापुढील पेंच खरा होता, हें त्यांच्या कट्टर टीकाकारासही मान्य करावें लागेल. आघाडीवर झुंजत असलेल्या सैनिकांस कुमक न पाठविणें म्हणजे त्यांस वाऱ्यावर सोडणें, असें त्यांस मनापासून वाटत होतें.

परंतु पेंच खरा असला म्हणजे तो सोडविण्याची रीति योग्यच असते असें नाहीं. सीनेटमध्यें ह्यूज ह्यांच्याच पक्षाचे सभासद ह्या गोष्टीस संमति देणार नाहींत हें स्पष्ट होतें. म्हणून हा प्रश्न थेट लोकांपुढें ठेवावा असें त्यांनीं ठरविलें. सार्वमताचा दिवस २८ ऑक्टोबर १९१६ हा नेमला. मतपत्रिकेवरील प्रश्न मोठा लांबलचक होता, आणि त्यांत 'सक्तीची लष्करभरती' हे शब्दच नव्हते. देशाच्या आंत जो अधिकार सरकारास आहे तोच युद्धाच्या मुदतीपुरता देशाबाहेर असावा काय, असा त्याचा मतलब. न्यू साउथ वेल्सच्या मजूर पक्षानें तर सप्टेंबरमध्येंच ह्यूज ह्यांस पक्षांतून काढून टाकलें. तरीही लोक आपल्याच बाजूस कौल देणार अशी त्यांची इतकी खात्री होती कीं, मतदानापूर्वींच २१ ते ३५ वर्षांच्या अविवाहित पुरुषांनीं छावणींत हजर व्हावें असें फर्मान त्यांनीं काढलें. ज्या सत्तेबद्दल लोकांस विचारावयाचें तिचा कडू घोट त्यांस आधींच पाजला गेला. एवढ्यानेंही भागलें नाहीं. ह्या फर्मानाचें पालन केलें किंवा नाहीं हें मतदानाच्या जागींच तरुणांस विचारावें, असा त्यांनीं घाट घातला. त्याच्या निषेधार्थ मतदानाच्या आदल्या दिवशीं तीन मंत्र्यांनीं राजीनामे दिले.

निकाल लागला तेव्हां होकारार्थी मतें १०,८७,५५७ आणि नकारार्थी ११,६०,०३३ पडलीं. सहा संस्थानांपैकीं तीन एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस गेलीं. ह्या निकालाचें खापर ह्यूज ह्यांनीं व पुढें अनेक लेखकांनीं आयरिश कॅथलिकांवर फोडलें. त्या वर्षींच्या ईस्टरमध्यें डब्लिन येथें उठाव झाला होता, आणि तो ज्या निर्दयपणें मोडला गेला त्यामुळें आयरिश वंशाचे लोक क्षुब्ध झाले होते हें खरें. पण देशांत कॅथलिकांचें प्रमाण पांचव्या हिश्श्याहून थोडेंच अधिक होतें. तेवढ्यानें देशाचा कौल फिरत नाहीं. शेतकऱ्यांस गव्हाच्या कापणीची चिंता होती, आणि घरचीं कर्तीं मुलें आधींच गेलीं होतीं. कामगारांस वाटत होतें कीं, आज रणांगणासाठीं आलेली सक्ती उद्यां कारखान्यांत येईल. स्त्रियांस तेथें १९०२ पासून मताधिकार होता, आणि दुसऱ्याच्या मुलास मृत्यूच्या तोंडीं पाठविण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें दोन्ही पक्षांनीं आपापल्या परीनें मांडला. ह्या नकाराच्या पोटीं हिणकस भागही होता, तो झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. गोरे पुरुष परदेशीं गेले म्हणजे त्यांच्या जागीं काळे व पिवळे मजूर येतील, अशी भीति सक्तीच्या विरोधकांनीं बेधडक पसरविली. सार्वमताच्या सुमारास माल्टा बेटांतील कांहीं मजूर एका जहाजांतून येत होते, त्यांचा बागुलबुवा उभा करण्यांत आला. तत्त्वाच्या बाजूनें उभे राहणारे सर्वच तात्त्विक असतात असें नाहीं.

ह्यानंतर मजूर पक्ष दुभंगला. १४ नोव्हेंबरच्या पक्षसभेंत अविश्वासाचा ठराव चर्चेंत असतांनाच ह्यूज आपल्या अनुयायांस हांक मारून बाहेर पडले; सुमारें दोन डझन सभासद त्यांच्यासह गेले. ज्यांच्याशीं जन्मभर वैर केलें त्या लिबरल पक्षाशीं हातमिळवणी करून त्यांनीं नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापिला. सक्तीचा प्रश्न लोकांस पुन्हां विचारल्यावांचून अमलांत आणणार नाहीं, असें आश्वासन देऊन मे १९१७ मध्यें ते निवडणुकीस उभे राहिले. सहा महिन्यांपूर्वीं ज्या देशानें त्यांस झिडकारलें होतें त्यानेंच त्यांच्या पक्षास ७५ पैकीं ५३ जागा दिल्या, आणि निवडणूक झालेल्या सीनेटच्या सर्व १८ जागा त्यांच्याकडे गेल्या. येथें मतदार चंचल होता असें म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो चंचल नव्हता, तर फार बारकाईनें बोलत होता. युद्ध चालवावें, तें ह्यूज ह्यांनींच चालवावें, परंतु स्वखुषीनें आलेल्या सैनिकांच्या बळावर चालवावें, असें त्याच्या बोलण्याचें तात्पर्य होतें.

हें बोलणें ह्यूज ह्यांस ऐकूं आलें नाहीं. २० डिसेंबर १९१७ रोजीं त्यांनीं दुसरें सार्वमत घेतलें. ह्या वेळीं मागणी सौम्य होती. दरमहा ७,००० माणसें पाहिजेत, स्वखुषीनें आलेल्यांची संख्या कमी पडली तर अविवाहित पुरुषांतून चिठ्ठ्या टाकून भर करावी. पण भाषा मात्र पूर्वींहून कडवट झाली. नेहमींचा शनिवार सोडून मतदान गुरुवारीं ठेवलें, नव्या मतदारांची नोंदणी घाईनें बंद केली. क्वीन्सलंडचे मुख्य प्रधान रायन ह्यांनीं सरकारच्या आंकड्यांचें खंडन केलें, तेव्हां सेन्सॉरनें तें छापूं दिलें नाहीं. रायन ह्यांनीं तेंच भाषण कायदेमंडळांत करून सरकारी वृत्तांतांत छापून घेतलें. त्यावर ह्यूज ह्यांनीं ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यावर रात्रीं शिपाई पाठवून त्या प्रती जप्त केल्या. तीन दिवसांनीं वॉरिक नांवाच्या स्टेशनावर कोणीतरी अंडें फेंकून त्यांची टोपी उडविली. त्यांनीं तेथील पोलिसास त्या माणसास पकडण्याचा हुकूम केला, तेव्हां तो म्हणाला कीं, मी क्वीन्सलंडचा कायदा पाळतों. ह्या अपमानांतून संघराज्याचें स्वतंत्र पोलिसदल जन्मास आलें! मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स हे आतां उघडपणें त्यांच्याविरुद्ध गर्जत होते, आणि ह्यूज आपल्या सर्व विरोधकांस सरसकट राजद्रोही म्हणत होते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. होकार १०,१५,१५९ आणि नकार ११,८१,७४७. पहिल्या वेळीं अनुकूल असलेलें व्हिक्टोरियाही उलटलें. आघाडीवरील सैनिकांनीं दोन्ही वेळां अनुकूल बहुमत दिलें खरें, पण पहिल्या खेपेस त्यांच्यांतील ५८,८९४ जणांनीं आणि दुसऱ्या खेपेस ९३,९१० जणांनीं 'नको' म्हटलें होतें. आपल्या वांट्यास जें आलें तें दुसऱ्यावर बळानें लादूं नये, असें त्यांतील पुष्कळांस वाटलें असावें.

हा अधिकार मिळाला नाहीं तर आपण राज्यकारभार करणार नाहीं, असें ह्यूज ह्यांनीं जाहीर सांगितलें होतें. जानेवारी १९१८ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. परंतु बहुमत मिळवूं शकेल असा दुसरा कोणी नसल्यामुळें गव्हर्नर-जनरलनीं दोन दिवसांत त्यांसच पुन्हां पाचारण केलें. शब्द पाळला आणि खुर्चीही राहिली. कायद्याच्या दृष्टीनें हें निर्दोष होतें, तरी लोकांच्या मनांत शब्दाची किंमत उतरली ती उतरलीच.

ह्याच काळांत ह्याच साम्राज्याचा एक भाग असलेल्या आपल्या देशांत काय चाललें होतें हें आठवल्यावांचून राहवत नाहीं. जून १९१८ मध्यें मुंबईस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनीं युद्धपरिषद भरविली, आणि माणसें मागतांना स्वराज्याचा विषय काढणाऱ्या लोकमान्य टिळकांस बोलूं दिलें नाहीं. तेव्हां ते सभा सोडून गेले. एका देशास दोनदां विचारलें गेलें, दुसऱ्यास एकदांही नाहीं. ऑस्ट्रेलियाचा नकार हा म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो. नकार देण्याचा हक्क असणें हीच मुळांत मोठी संपत्ति आहे.

ह्या कथेस एक उत्तरार्ध आहे. सक्तीस विरोध केल्याबद्दल १९१६ त कांहीं दिवस तुरुंगांत गेलेला जॉन कर्टिन नांवाचा एक संपादक पुढें १९४१ त मुख्य प्रधान झाला. जपानी सैन्य न्यू गिनीपर्यंत येऊन भिडलें, तेव्हां सक्तीनें घेतलेल्या सैनिकांस देशाबाहेर, दक्षिण-पश्चिम पॅसिफिकपर्यंत, पाठविण्याचा कायदा १९४३ त त्यानेंच केला. पण त्याची रीति पाहावी. त्यानें आधीं स्वपक्षाची परिषद बोलाविली, विरोध करणारांचें ऐकून घेतलें, प्रांतोप्रांतींच्या शाखांचा विचार होईपर्यंत वाट पाहिली आणि मग मर्यादित अधिकार घेतला. संकट अधिक जवळ होतें हें खरें. परंतु पक्ष फुटला नाहीं ह्याचें श्रेय केवळ संकटास देतां येणार नाहीं.

ह्यूज ह्यांची सत्ता १९२३ त गेली, पण पार्लमेंटांतील जागा त्यांनीं मरेपर्यंत सोडली नाहीं. १९५२ सालीं त्यांचा अंत झाला तो २८ ऑक्टोबर रोजीं, पहिल्या सार्वमताला बरोबर ३६ वर्षें झालीं त्या दिवशीं. त्यांची देशनिष्ठा, त्यांची जिद्द, त्यांचे कष्ट ह्यांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. आपल्याशीं मतभेद असणारा मनुष्य देशाचाही वैरी असतो असें त्यांनीं मानलें, आणि तेथेंच सर्व बिघडलें. त्यांच्या मतदारांस ती गल्लत झाली नाहीं. त्यांनीं माणूस ठेवून घेतला आणि मागणी परत पाठविली. राज्यशास्त्राचा ग्रंथ न वाचतांही त्यांस हा विवेक साधला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.