पेन ड्राइव्हवरचं दूरदर्शन

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग घरून नाही, जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या देखभाल विभागाच्या खोलीतून बोलतोय. मागे घूं आवाज येतोय तो पंख्याचा. तो बंद केला तर मी बंद पडेन, त्यामुळे सहन करा.

जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते हे तुम्हाला माहीत असेलच. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं, ते तापवून रोलमधून ओढायचं, असं चोवीस तास चाललेलं असतं. वर पत्र्याची शेड, आजूबाजूला लोखंडाचे ढीग. अशा ठिकाणी मोबाइलला रेंज कुठून येणार? म्हणून आमच्या खोलीत एक जुना टॅब आहे. त्यात सिम नाही, वायफाय नाही. तरी रात्रपाळीच्या सुट्टीत डबा उघडला की त्यावर सह्याद्री वाहिनी चालू होते. कालची असते, कधी परवाची.

कशी, ते आधी सांगतो. घरी डीडी फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचं काही भरायचं नाही. ही सेवा १६ डिसेंबर २००४ ला 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली. तिच्या साध्या डब्यांना मागे यूएसबीची जागा असते. तिथे पेन ड्राइव्ह लावायचा, रिमोटवरचं लाल बटण दाबायचं. जे आकाशातून उतरतंय तेच जसंच्या तसं फाइलमध्ये पडतं, तासाला साधारण एक जीबी. पैसे भरायच्या डीटीएचवर केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच डब्यावर चालतं, कारण ते कुलूपबंद असतं. हे तसं नाही. पेन ड्राइव्ह काढा, ओटीजीने टॅबला लावा, व्हीएलसी उघडा.

दोन अडचणी आहेत. एक, टीव्हीचं चित्र एक आड एक ओळींनी येतं, त्यामुळे टॅबवर पळणाऱ्या माणसाच्या कडेला फणीचे दात दिसतात. व्हीएलसीत डीइंटरलेस सुरू केलं की ते जातात. दुसरी अडचण घरातली. आमचा डबा जे चॅनल लावलंय तेच रेकॉर्ड करतो. म्हणजे रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत घरातल्या कोणी चॅनल बदलायचं नाही. यावरून आमच्याकडे काय काय झालंय ते या भागात नको.

आता इतिहास. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक दूरदर्शन सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. मराठवाड्यातल्या बहुतेकांना पडदा दिसायला पुढचं दशक उजाडलं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं इतक्या झपाट्याने उभी राहिली की काही महिने सरासरी दिवसाला एक होत होतं. गंमत बघा, त्याच वर्षी, १७ जानेवारी १९८४ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बेटामॅक्स यंत्राचा खटला निकाली काढला. घरच्या घरी कार्यक्रम टेपवर उतरवून नंतर पाहणं गैर नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. एक न्यायमूर्ती तिकडे असते तर कदाचित व्हीसीआरची गोष्टच वेगळी झाली असती. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमात हे स्पष्ट आहे : प्रसारणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्डिंग केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. मला कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून सांगून ठेवलं.

पण कायद्याने मुभा असून उपयोग काय, घरात यंत्र नको? गावाकडे व्हीसीआर म्हणजे भाड्याने आणायची वस्तू, तीही रात्रभर तीन पिक्चर बघायला. त्यावर दूरदर्शन उतरवून ठेवावं हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही.

आमच्या आलं होतं. एकदाच. १९९२ ची गोष्ट. आमची मोसंबीची बाग आहे बदनापूरकडे. 'आमची माती आमची माणसं'वाले चित्रण करून गेले आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यात मोसंबीच्या छाटणीबद्दल बोलले. प्रसारणाचा दिवस कळला. जालन्यात मामांच्या शेजाऱ्यांकडे व्हीसीआर होता. कोरी कॅसेट विकत आणली, अँटेना फिरवून मुंग्या घालवल्या, मामांनी बटण दाबलं. कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं, नाव आलं आणि लाइट गेली. आली तेव्हा बातम्या लागलेल्या. त्या कॅसेटवर नाव आहे, पुढे अंधार. अण्णांनी स्वतःला पडद्यावर कधीच पाहिलं नाही. "दिसलो असीन त्याहिला, ज्याहिच्याकडं लाइट होती," एवढंच म्हणाले. २००९ मध्ये ते गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. टेप महाग होती. त्यामुळे जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेतले, आपल्याकडेही तेच झालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज नाहीत. पण त्यांचा आवाज मात्र सगळ्यांचा आहे. का? तर तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवला होता. आणि फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स! ह्या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मरेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या अखंड रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी. लोक वेड्यात काढायचे. त्या कॅसेटी पुढे इंटरनेट आर्काइव्हने घेतल्या. प्रसारण करणाऱ्याचं काम पाठवणं, जपण्याचं काम बऱ्याचदा बघणाऱ्याने केलंय.

माझं लाल बटण सुरू झालं लॉकडाऊनमध्ये. २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा लागलं, आईला सकाळचा भाग औषधाच्या वेळेमुळे चुकायचा. तिच्यासाठी पेन ड्राइव्ह आणला. मिल बंद, हातात वेळ. मग संध्याकाळच्या सह्याद्रीच्या बातम्याही उतरवू लागलो. काही हेतू नव्हता.

८ मे २०२० च्या बातम्या त्यामुळे माझ्याकडे आहेत. जालन्याच्या स्टील उद्योगात काम करणारे, मध्य प्रदेशातले मजूर आदल्या संध्याकाळी रुळांवरून चालत निघाले होते, पुढे भुसावळहून गाडी मिळेल या आशेने. रात्रभर चालून थकले आणि बदनापूर-करमाडच्या दरम्यान रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. आमच्या मिलमधले ते नव्हते. पण तसेच होते : त्याच भट्ट्या, त्याच खोल्या, तोच भाताचा डबा. ती फाइल मी आजवर एकदाच पूर्ण पाहिली. पुसली नाही. आमच्या पाळीतला एक शहडोलकडचा पोरगा आहे. त्याने एकदा टॅबवर यादी वर-खाली करताना तारीख बघितली आणि मला विचारलं, "काका, यह वही दिन का है?" मी हो म्हणालो. त्याने ती उघडली नाही, पण "रखना" म्हणाला.

जुलैत घरातला वापर बदलला. २० जुलैपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची मालिका, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी, ४८० भागांची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही शिकता यावं म्हणून. पण एका घरात तिसरीतली, सहावीतली आणि एकच टीव्ही, शिवाय लाइटचा भरवसा नाही. आमच्या गल्लीतली चार घरं माझ्याकडून पेन ड्राइव्ह भरून न्यायची. ज्या टॅबवर आता आम्ही बघतोय तो तेव्हा भाचीचा होता, गल्लीतली सगळी पोरं आळीपाळीने त्यावर बसायची. एक फाइल ४ जीबीच्या वर गेली की डबा तिचे तुकडे करायचा आणि नेमका गणिताच्या मधोमध. पोरांना ते तुकडे जोडायला माझ्याआधी जमलं.

छतावरचा काडीचा अँटेना मात्र संपला. दूरदर्शनने २०२१ च्या ऑक्टोबरपासून जुनी ॲनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली, मोजकी सोडून. त्याआधी, २०१६ मध्ये, मोबाइल आणि टॅबवर थेट हवेतून डिजिटल टीव्ही द्यायची सोय १६ शहरांत झाली होती आणि त्यात तेव्हाचं औरंगाबाद होतं. मी हौसेने डोंगल घेतलं. इथे एमआयडीसीत पाण्याच्या टाकीवर चढूनही काही लागलं नाही, साठ किलोमीटर म्हणजे लांबच. आता सिमशिवाय थेट मोबाइलवर प्रसारणाच्या चाचण्या चालू आहेत. आल्या तर बघू. तोवर पेन ड्राइव्ह आहेच.

आता शेवटचं, आणि खरं सांगायचं तर भाग केला तो यासाठीच. तुमच्या माळ्यावर १९९२ च्या आसपासच्या व्हीएचएस कॅसेटी असतील, कोणी 'आमची माती आमची माणसं' उतरवून ठेवलेलं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा बघा. बुरशी धरली असेल तर लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. मोसंबीची बाग, मागे दगडी विहीर, पांढरी टोपी, आणि बोलताना उजव्या हातात छाटणीची कात्री. सापडलं तर मला कळवा. पेन ड्राइव्ह घेऊन मीच येतो.

भोंगा झाला. निघतो.